उकंडी

समीक्षानं सूप उकंड्यावर ठेवलं. सुपात जुन्या लुगड्याची घडी होती आणि घडीवर सव्वा महिन्याची पोर. ऊन लागू नये म्हणून समीक्षानं वर पदर धरला होता.

"उचला, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमीच उचला."

उकंडाबाई गोठ्याच्या दारातच थबकल्या. समीक्षाच्या नवऱ्याची, अक्षयची आत्या म्हणून या घरातल्या प्रत्येक लेकराच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचा. चार वाजता पाळणा होता. घरात समीक्षाची सासू कोकिळा सतरंज्या टाकत होती. दारव्ह्याच्या बाजारातून आणलेली चमकीची अक्षरंसुद्धा भिंतीवर चिकटवून झाली होती: अन्वी.

या भागात उकिरड्याला उकंडा म्हणतात. ज्या घरात लेकरं टिकत नसत, तिथं नवं लेकरू उकंड्यावर नेऊन ठेवायची पद्धत होती. दुसरीनं ते उचलायचं आणि विचारायचं, कोणाचं लेकरू? आईनं म्हणायचं, कोणाचंच नाही. मग मूठभर कण्या देऊन आपलंच पोर विकत घ्यायचं आणि नाव ठेवायचं उकंडी. शेणातलं लेकरू मरण तरी कशाला नेईल, असं साधं गणित. एके काळी प्रत्येक गल्लीत एखादी उकंडी सापडायचीच. आता समीक्षाच्या रजिस्टरात चार स्वरा होत्या, तीन आरोही, आणि उकंडी एकही नव्हती.

रजिस्टर, कारण समीक्षा गावची आशाताई. लेकरू तापलं तर अंगारा नको, दवाखाना, हे ती दारोदार सांगे आणि न ऐकणाऱ्या सासवांना चांगली फैलावर घेई. त्या चौघींतली एक स्वरा तिची होती, तिघींतली एक आरोहीही. त्या दोन नावांवर तिनंच लाल रेघ ओढली होती.

"घे पोट्टीले अन् घरात चाल," उकंडाबाई म्हणाल्या. "शिकेल बाई तू. लोकायले काय सांगतं, अन् सोता काय करून राह्यली?"

"लोकायच्या पोरी जित्या हायेत, आत्याबाई."

उकंडाबाईंना राग आला, आणि तो आजचा नव्हता.

"तुले मालूम हाय काय, हे नाव घेऊन जगनं काय असते? शाळेत पोट्टे नाक धरत. सासरी पह्यल्याच दिवशी इचारलं, पोरीले दुसरं नाव नाई काय? अन् तुह्या लग्नाच्या पत्रिकेत तुमी काय छापलं? उषाताई! मी मांडवात इचारत फिरली, हे उषाताई कोन होय म्हून."

"लाज वाटली होती," समीक्षा म्हणाली. "आता नाई वाटत. तुमी जगल्या न. पंचाहत्तर वर्सं जगल्या. त्या नावानंच जगल्या."

"नावानं?"

उकंडाबाई दगडावर बसल्या. पुढचं त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कोणी.

"माह्या मायनं तीनदा ठेवलं हे नाव. पह्यली उकंडी सहा महिन्याची गेली. दुसरी रांगाले लागली होती. दोघीयलेबी याच उकंड्यावर ठेवलं, दोघीयलेबी कन्या देऊन घेतलं. मी तिसरी. लोकायले मी दिसून राह्यली, म्हून त्यायले नाव गुनाचं वाटते. त्या दोघी कोनाले दिसते?"

पोर सुपात मूठ चोखत पडली होती. उकंडाबाईंना हायसं वाटलं. बरं झालं सांगितलं, आता हिला कळेल, असं त्यांना वाटलं. शेवटी शिकलेली मुलगी.

समीक्षाचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

"म्हंजे तिसरी वाचली," ती म्हणाली.

"अवं, तसं नाई..."

"माहीबी तिसरीच हाय, आत्याबाई."

घरातून कोकिळानं हाक मारली. "समीक्षा! बाया आल्या वो! आन पोरीले!"

उकंडाबाई उठल्या. नाही म्हणायचं अगदी ओठावर होतं. पण समीक्षानं कण्यांची मूठ पुढे धरली होती. तिनं ती इतकी घट्ट आवळली होती, की कण्या बोटांतून खाली गळत होत्या आणि कोंबड्या त्या टिपायला धावत होत्या. उकंडाबाईंना ते बघवेना. त्या वाकल्या. पोर उचलून त्यांनी छातीशी धरली. पाऊणशे वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांच्यासाठी विचारलं असेल, तसंच त्यांनी विचारलं.

"कोनाचं लेकरू होय वो हे?"

अनोळखी छातीशी पोर रडायला लागली. भूक लागली होती तिला. ते रडणं ऐकताच समीक्षाचं पोलकं दुधानं ओलं झालं. तिनं हात पुढे केला नाही. ज्याला ऐकू जायला हवं त्याला नीट जावं, इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

"कोनाचंच नाई."