हात घालून दाखवा

"आमचं यंत्र म्हणजे गरीब गाय हो," कारखान्याचे साहेब तपासणीला आलेल्या बाईंना सांगत होते. "जाळी बोटभर उचलली तरी जागच्या जागी थांबतं. त्या दिवशी हिनेच काहीतरी खुडबूड केली असणार."

'हिने' म्हणजे वहिनीने. बिस्किटांचं पीठ लाटणाऱ्या त्या रुळांनी तिच्या उजव्या हाताची बोटं खाल्ली होती. आज चूक तिचीच ठरली, की भरपाई तर गेलीच, वर कामावरूनही हकालपट्टी. पट्ट्या बांधलेला हात छातीशी धरून ती कोपऱ्यात उभी होती.

तिच्या जागी आता यंत्रावर तिच्या नणंदेला लावलं होतं, आणि खरं काय ते नणंदेला पक्कं ठाऊक होतं. गरीब गाय म्हणे! रुळांच्या कडेला पीठ चिकटतं, ते खरवडायला जाळी उघडावी लागते. दर वेळी यंत्र थांबलं तर माल कधी निघायचा? म्हणून जाळी उघडताच यंत्र बंद करणाऱ्या स्विचला साहेबांनीच वायर जोडून तो निकामी करून घेतला होता. जाळी उघडी असो की बंद, रूळ आपले फिरतच राहायचे.

कालच तिच्यादेखत साहेब फिटरकाकांना म्हणाले होते, "जाळी पुसून चकचकीत करा. वायर राहू दे. बाई काय, लांबूनच बघतील." काका मान डोलावून गेले. काय बोलणार बिचारे, पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं! आणि नणंदेला ताकीद होती, आज जाळीला हात लावायचा नाही.

"नमतं घे गं वहिनी," काल रात्री घरी नणंदेने हात जोडले होते. "माझीही नोकरी जाईल."

"नमतं?" वहिनी फणकारली. "बोटं गेलीत माझी, जीभ नाही!"

"अपघातानंतर यंत्रात काही बदल केलात?" बाईंनी आता साहेबांना विचारलं.

"छे हो! तेव्हाही असंच होतं, आजही असंच आहे."

"मग साहेब," वहिनी पुढे आली, "चालू यंत्राची जाळी उचला आणि हात घालून दाखवा की. गायच ना? काय चावतेय!"

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

साहेब यंत्राजवळ गेले. हात जाळीपर्यंत पोचला, तिथेच घुटमळला आणि परत खिशात गेला. कपाळावर घाम डवरला होता. "मला सवय नाही हो. उगाच कशाला?" मागे उभ्या बायकांत खसखस पिकली.

"सवय मला आहे," वहिनी म्हणाली.

कुणाला काही कळायच्या आत तिने जाळी वर ढकलली आणि डावा हात आत घातला. धड उरलेला तो एकच हात!

"वहिनी, नको!" नणंदेने किंकाळी फोडली. पण तिच्याहूनही मोठ्याने साहेब ओरडले, "अगं बाई, हात काढ! ते थांबत नाही!"

आणि रूळ थांबले.

वहिनीने हात बाहेर काढला. पिठाने माखलेला, पण बोटं सगळी शाबूत. नणंद मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली.

बाई साहेबांकडे वळल्या. "यंत्र तर थांबलं. मग ते थांबत नाही, असं तुम्हाला का वाटलं?"

साहेब रुमालाने कपाळ पुसू लागले. तेव्हा फिटरकाका पुढे झाले.

"त्यांचं काही चुकलं नाही हो बाई, कालपर्यंत थांबत नव्हतंच," ते म्हणाले. "वहिनींनी सांगितलं म्हणून वायर मी आज सकाळी काढली, साहेबांना तेवढं सांगायचं राहून गेलं."