बिनचिठ्ठीची बाटली

सिंदेवाहीच्या प्रदर्शनात बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या जांभळाच्या वाईनच्या चारही बाटल्यांच्या चिठ्ठ्या सुटल्या. त्यांतली एक पारबतानं केलेली, शेवटची. पोळ्याला ती वारली. “तिची कोन वळखन? लिहा साऱ्यांवर गटाचंच नाव,” बचतगटातल्या बाया म्हणाल्या. एकादशीचा उपवास धरलेली गोकुळा हळूच पुढं आली. परीक्षकबाईंनी चारही बाटल्यांतून ओतलेले पेले हुंगून तिनं तिसरा उचलला. “हा माह्या मैत्रिणीचा.” परीक्षकबाई हसल्या. “चाखून तरी बघा.” “नाई बाई, थेंबाले कधी शिवली नाई. वीस वर्सं रांजणापाशी दोघी बसलो. तिनं चाखायचं, मी हुंगायचं. माह्या नाकानं हो म्हटल्याबिगर तिनं वाईन गाळली नाई.” पेले दिसू नयेत म्हणून गोकुळानं डोळ्यांवर पदर घेतला. बाईंनी तीनदा पेल्यांची अदलाबदल केली. तिन्ही वेळा तिनं तोच उचलला. बाईंनी चिठ्ठी घेतली. “कैलासवासी पारबताबाई लिहू?” “नुसतं पारबता लिहा. तिची वाईन अजून मुरून राह्यली.”