पुढचे दोन टायर

“विकायच्या ट्रॅक्टरला नवे कोरे टायर? ताई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” चैतन्य भर दुकानात ओरडला.

“विकायचाच नाहीये तो,” दर्शना म्हणाली. “किती वेळा सांगू?”

मुलुंडच्या त्या दुकानात गर्दी असते ती मोटारींची आणि टँकरवाल्यांची. ट्रॅक्टरचं गिऱ्हाईक राजारामभाऊंना वर्षातून एखादंच. आणि आज आलं ते हे असं, भांडत. त्यांनी गोदामातून पुढच्या चाकांचे नवे-जुने तीन प्रकारचे टायर काढून भिंतीला टेकवून ठेवले होते. समोर स्टुलावर अंबादास, म्हणजे या दोघांचे अण्णा, टायरांकडे टक लावून बसले होते. बहीण-भावाच्या भांडणात त्यांनी अजून तोंड घातलं नव्हतं.

ट्रॅक्टर अण्णांचा. पस्तीस वर्षं छापखान्यात नोकरी केली, पण शनिवार उजाडला की हा माणूस मुरबाडला शेतावर. तीन एकर भाताची जमीन आणि सेकंडहँड घेतलेला जुनाट ट्रॅक्टर. पॉवर स्टिअरिंग वगैरे लाड त्याला नाहीत. गेल्या वर्षी ऐन लावणीच्या तोंडावर अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हातातला जोर गेला. भात राहूनच गेलं. ट्रॅक्टर छपराखाली उभा, पुढचे दोन्ही टायर झिजून गोटा झालेले.

आता मे संपत आला होता. चैतन्यने गिऱ्हाईक गाठलं होतं, रविवारी ट्रॅक्टर बघायला येणार होतं. ट्रॅक्टर गेला की पाठोपाठ जमीन जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. दर्शनाला ते मुळीच नको होतं. अण्णांसाठी नको होतं, हे तर झालंच. पण खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच त्या जमिनीचा विलक्षण लळा होता.

ती आपल्या परीने झटत होती. डॉक्टरांनी हाताला व्यायाम सांगितला होता. रोज संध्याकाळी ती ऑफिसातून आली, चहा झाला, की अण्णा जेवणाच्या टेबलावर कोपर टेकवायचे. “ये गं, पंजा लढव.” सहा महिन्यांत एक दिवस चुकला नाही. दर्शना चांगला जोर लावायची आणि शेवटी मुद्दाम हरायची. “हरलीस!” म्हणून म्हातारा असा काही खूश व्हायचा की बस. एवढ्या जिद्दीने हात कमावतोय, म्हणजे हा परत स्टिअरिंगवर बसायची स्वप्नं बघतोय, असं तिला वाटायचं.

“राजारामभाऊ, ते कडेचे जुने द्या,” चैतन्य म्हणाला. “गिऱ्हाइकासमोर अंगणात एक चक्कर मारता आली की झालं.”

“आणि चिखलणी? खाचरात चिखल केल्याशिवाय लावणी होते का रे?”

“करणार कोण पण?”

“ड्रायव्हर ठेवू.”

“त्या आठवड्यात अख्ख्या गावाला ड्रायव्हर हवा असतो. मुलुंडच्या बाईसाठी कोण थांबणारेय, यार?”

खरं बोलला मेला. विशीत असताना दर्शनाने अण्णांच्या मागे लागून पाहिलं होतं, मला शिकवा म्हणून. अण्णा हसले होते. “वळवताना माझ्या नाकी नऊ येतात. तुझ्या हाताला नाही झेपायचं.” आणि ते खोटं नव्हतं. रुबाब म्हणून अण्णांनी पुढे चांगले रुंद टायर चढवले होते. गावात तसे कुणाचे नव्हते. स्टिअरिंग जड झालं ते झालंच, पण दिसायचा झकास.

“तो बारीक दाखवा,” अण्णा एकदम बोलले.

राजारामभाऊंनी टायर गडगडत पुढे आणला. “कंपनीचं मूळ माप हेच, काका. या तीन उभ्या पट्ट्या चिखलात वळण धरतात. स्टिअरिंगला एकदम हलका. पण तुम्ही रुंद वापरत होता ना? त्याच्यापुढे हा किडमिडीत दिसेल.”

“दिसू दे. तेव्हा अक्कल नव्हती मला.”

चैतन्यचा तोल गेला. “अण्णा, हलका म्हणजे तुम्हाला झेपेल असं वाटतंय का? परवा चहाचा कप सुटला हातातून!”

राजारामभाऊंनी नजर दुसरीकडे वळवली.

“चैत्या, तोंड सांभाळ!” दर्शनाचा आवाज चढला.

“ओरडू नकोस त्याला,” अण्णा शांतपणे म्हणाले. “बरोबर बोलतोय तो. मला नाही झेपणार. या जन्मात तरी नाही.”

दर्शनाचे डोळे भरून आले. संपलं, तिला वाटलं. आता जुने टायर, रविवारचं गिऱ्हाईक आणि मग जमीन.

अण्णा स्टुलावरून उठले. डाव्या हाताने त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिचा पंजा त्या बारीक टायरवर ठेवला.

“राजारामभाऊ, हीच जोडी बांधा. चैतन्य, गिऱ्हाइकाला फोन करून टाक, येऊ नको म्हणावं. शनिवारी आम्ही दोघं मुरबाडला जातोय.”

“अण्णा, पण चालवणार कोण?” आता दर्शनानेच विचारलं.

“माझा व्यायाम मी रोज सकाळीच उरकतो गं,” अण्णा म्हणाले. “संध्याकाळी तुझा हात जोखत होतो. मुद्दाम हरताना जो राखून ठेवतेस ना, तेवढा जोर या टायरांना पुरे आहे.”