प्रीतलच्या नावाचं बुकिंग

बुकिंग प्रीतलच्या नावाचं, आणि माणिकपूरच्या कोपऱ्यावर उभा होता चांगला पन्नाशीचा बाप्या. वर चौकड्यांचा शर्ट, खाली खाकी पँट. निमिषने बाइक रस्त्यापलीकडेच थांबवली. बाइक टॅक्सीवाले धंदा खातात म्हणून स्टँडचे रिक्षावाले हल्ली हेच करायचे. पोरीच्या नावाने बाइकवाल्याला बोलवायचं, आला की घेरायचं आणि चावी काढून घ्यायची. पण आज दोन बुकिंगं आधीच रद्द झाली होती. तिसरं रद्द केलं की अ‍ॅप आयडी बंद करणार. त्याने बाइक त्या माणसाकडे वळवली.

"गिरीजला जायचं ना? पटकन बसा, अंकल. कोणी विचारलं तर मी तुमचा भाचा."

नाका मागे पडला, कोणी आडवं आलं नाही. तरी निमिषची पाठ ताठच होती. मग मागून चौकशी सुरू झाली.

"दिवसाचे किती तास चालवतोस?"

"मर्जी असेल तेवढे."

"आजारी पडलास तर?"

"सुट्टी. विचारणारा कोण आहे?"

"आनि गाडी पडली, लागलं तर?"

"कंपनी बघते सगळं."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. गेल्या महिन्यात तो चार दिवस तापाने पडला, तर अ‍ॅपने बुकिंग देणंच कमी केलं. घसरून गुडघा फुटला, तेव्हा कंपनीच्या नंबरवर नुसतं गाणं वाजत राहिलं. पण हे खाकी पँटवाल्या, म्हणजे स्टँडच्याच माणसाला सांगायचं? उद्या चहाच्या टपरीवर सगळे मिळून हसले असते.

गिरीजला केळीच्या वाडीपाशी माणूस उतरला. हेल्मेट परत देताना तो खुशीत होता.

"मी रेमंड. वीस वर्षं दुसऱ्याची रिक्षा चालवतो. पोरीच्या, प्रीतलच्या फोनवरनं बुकिंग करून मुद्दाम तुझ्या मागे बसलो, बघायला. आता ठरलं. आजच रिक्षा मालकाला परत देतो, उद्यापासून पोरीची स्कूटर अ‍ॅपवर लावतो."

निमिषने बाइक बंद केली.

"नका देऊ, अंकल! मी खोटं बोललो. तुम्ही स्टँडचे, हसाल असं वाटलं म्हणून. चौदा-चौदा तास पळतो मी. पडलो तर कुत्रं विचारत नाही. आई शप्पथ."

रेमंडच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने निमिषला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"रस्ताभर सगळं चांगलं होतं, आनि मी येतो म्हटल्यावर वाईट झालं काय? नवा मानूस आला की स्टँडवर आमी पन हेच सांगतो, बाबा. धंदा नाय, येऊ नको."

आणि रिक्षाच्या मालकाला फोन लावत तो वाडीत शिरला.