खिडकीची जागा

अंदमानातल्या एका बेटावर बस थांबताच नागपूरच्या पुष्पलतानं धावत जाऊन बाहेरूनच खिडकीतून नवऱ्याचा खांद्यावरचा दुपट्टा सीटवर टाकला. आत चढली, तर बस रिकामी. कंडक्टर हसला, "आंटी, पूरी बस आपकी है! साथ में कौन है?" "अकेलीच हूँ, भैया." हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली आणि ओशाळून खिडकीशी बसली. नागपुरात काटोलच्या बसला झुंबड असायची. नवरा हेमराज असाच दुपट्टा टाकून ओरडायचा, "ये वं, तुयी खिडकी धरली!" आणि स्वतः अलीकडे अंग चोरून बसायचा. बसनं बेटावरची शांत गावं बघायची ही सुट्टी त्यानंच ठरवली होती. निघायच्या आधीच तो वारला. नारळाच्या बागा सरल्या आणि वळणावर समुद्र थेट खिडकीशी आला. पुष्पलता उठली. दुपट्ट्याची घडी खिडकीपाशी ठेवून ती अलीकडे बसली. त्यानं समुद्र कधीच पाहिला नव्हता.