चंद्राच्या नोकरीतला मुलगा

१९६८ साली कोरीटच्या उखा पाटलांचा हिरालाल अमेरिकेहून सुट्टीवर आला. चंद्रावर माणूस धाडण्याच्या कामावर त्याची नोकरी होती. धाकटी पोरगी द्यायची म्हणून लोटनआप्पा चौकशीला आले. चहासुद्धा त्यांनी आधी हुंगला, मगच तोंडाला लावला.

“तू सोता वर जास का?”

“नही मामा. मी निस्ता दुसरास्ले धाडस.”

“आनि परत कोन आनस?”

“ते दुसरं खातं देखस.”

आप्पांनी कप खाली ठेवला आणि ते उठले.

“काय व्हयनं आप्पा?” उखा गडबडले.

“मन्हा मोठा जवाई बी असाच बोलस. आखाजीना सनले बायकोले माहेर धाडानं काम मन्हं नही, मायनं शे म्हनस. लगीन व्हयनं तशी मन्ही पोर घर उनीच नही.”