पुरे आता

डॉक्टरांनी श्रीरंगच्या कानामागची चकती तपासली आणि ते खूश झाले.

"महिनाभरात एकदाही टोकावं लागलं नाही तुम्हाला! सोमवारी या, काढून टाकू."

पोट लहान करायचं ऑपरेशन झालं तेव्हा ती चकती बसवली होती. घास जास्त झाला किंवा चालायला जायचा कंटाळा केला, की ती घरच्या माणसाच्या आवाजात टोकायची. श्रीरंगने आईचा, म्हणजे माईचा, आवाज निवडला होता. माईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फोनमधल्या तिच्या जुन्या बोलण्यावरून तो आवाज तयार केला होता, कारण जिवंतपणी माई जेवताना कुणाला "पुरे" म्हणालीच नव्हती. पानावर हात आडवा धरला तरी ती बोटांच्या फटीतून तूप सोडायची.

पहिले काही आठवडे ती सारखी बोलायची. मग त्याला सावकाश चावून खायची, टेकडीवर फिरायला जायची सवय लागली. वजन उतरलं आणि माई गप्प झाली.

घरी आल्यावर वैशालीने त्याला वाटीभर मऊ खिचडी दिली. अर्ध्या वाटीतच पोट भरलं. तो तरीही खात राहिला.

"पुरे आता, बाळा."

त्याने आणखी एक घास घेतला. पोटात कळ आली.

"बाळा, पुरे."

वैशालीने वाटी ओढली. "अहो, काय करताय? उलटी होईल!"

"राहू दे गं," तो घास कसाबसा गिळत म्हणाला, "आत्ता कुठे बोलायला लागलीय ती."